‘त्यांना चढत नाही’ : दारू, झोपेच्या गोळ्या आणि एकदम सोडण्याचा बेत

धनकवडीतील एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, भोसरीतील एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. गेली वीस-बावीस वर्षे रोज रात्री एक क्वार्टर, सुट्टीच्या दिवशी त्याहून थोडी जास्त. दोन वर्षांपासून झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलामची गोळी, कधी एक, कधी दोन. मधुमेहाची औषधे चालू आहेत. यंदा श्रावण लागला की देवासमोर शपथ घ्यायला लावून दारू आणि गोळ्या दोन्ही एकदम बंद करायच्या, असे घरात ठरले आहे. या दोन्ही गोष्टी शरीरात नेमके काय करतात आणि वडिलांना निदान बिअरवर आणले तर चालेल का, असे तिने विचारले आहे. शेवटी एक वाक्य आहे : ‘त्यांना कधी चढत नाही, आवाजसुद्धा वाढत नाही, म्हणजे फार नुकसान झाले नसावे ना?’

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी पुण्यात व्यसनाच्या रुग्णांवर उपचार करतो आहे आणि हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकले आहे. ते नेहमी थोड्या अभिमानाने आणि थोड्या आशेने उच्चारले जाते. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो, कारण आपल्या वडिलांच्या बाबतीत सर्वांत काळजीची गोष्ट जर कोणती असेल तर ती हीच आहे.

वैद्यकात दारूला आणि झोपेच्या गोळ्यांना अवसादक म्हणजे डिप्रेसंट म्हणतात. या शब्दाने अनेकांचा गोंधळ होतो. उदास करणारे द्रव्य असा त्याचा अर्थ नाही, तर मेंदू आणि मज्जासंस्थेचे काम मंदावणारे द्रव्य असा आहे. मग दोन पेगनंतर माणूस गप्प होण्याऐवजी बोलका का होतो? कारण मेंदूत सर्वांत आधी मंदावतो तो आवर घालणारा, म्हणजे ‘हे बोलू नये, हे करू नये’ असे सांगणारा भाग. लगाम सुटलेला घोडा उधळतो, तेव्हा त्याच्या अंगी नवे बळ आलेले नसते. पुढे क्रमाने तोल, बोलणे, स्मरण आणि प्रमाण फारच वाढले तर मेंदूच्या तळाशी असलेले श्वासाचे केंद्र मंदावत जाते.

आता क्वार्टरचा हिशेब पाहू. १८० मिलीलिटर व्हिस्की किंवा रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे वजनाने सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते पचत नाही. जठरातून आणि मुख्यतः लहान आतड्यातून तसेच्या तसे रक्तात शिरते. पोटात जेवण असेल तर शिरण्याचा वेग कमी होतो, एवढाच चखण्याचा उपयोग. त्यानंतर यकृत ते ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम या ठरलेल्या गतीने जाळते आणि ही गती लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या अंघोळीने किंवा कडक कॉफीने वाढत नाही. याचा अर्थ रात्री दहाला संपवलेली क्वार्टर शरीरातून पूर्ण जायला पहाट, कधीकधी सकाळही उजाडते. ७० किलो वजनाच्या पुरुषात एवढ्या दारूनंतर १०० मिलीलिटर रक्तात साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते, आणि मोटार वाहन कायद्यातील मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक चढते.

एवढे अल्कोहोल अंगात असताना नवखा माणूस लडखडेल, त्याची जीभ जड होईल. आपले वडील मात्र जेवून, ताट उचलून, बातम्या बघत बसतात. हे कसे होते ते समजून घेण्यासाठी मेंदूतील दोन रसायने ध्यानात ठेवावी लागतील. गॅबा हे पेशींना शांत करणारे, ब्रेकचे काम करणारे रसायन. ग्लुटामेट हे त्यांना उत्तेजित करणारे, अ‍ॅक्सिलरेटरचे. दारू गॅबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. रोज रात्री कोणी बाहेरून ब्रेकवर पाय ठेवत असेल तर मेंदू गप्प बसत नाही. तो स्वतःचे ब्रेक हळूहळू ढिले करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो, म्हणजे दारू अंगात असताना गाडी बरोबर चालावी. वीस वर्षांत ही तडजोड इतकी पक्की होते की क्वार्टरने माणूस झिंगत नाही, तर क्वार्टरमुळेच तो सर्वसाधारण दिसतो. यालाच आपण ‘चढत नाही’ म्हणतो. मेंदूने जुळवून घेतलेले असले तरी यकृत, स्वादुपिंड, हृदय यांनी तसे जुळवून घेतलेले नसते. त्यांच्या वाट्याला ६१ ग्रॅमचे पूर्ण माप रोज येतच असते. उलट न चढणारा माणूस जास्त पितो, म्हणून त्याच्या यकृताला जास्त सोसावे लागते.

आणि आता श्रावणाच्या बेताकडे येतो. अशा मेंदूतून एका दिवसात दारू काढून घेतली तर बाहेरचा ब्रेक जातो, आतले ब्रेक ढिलेच असतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हाताला कंप, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. सकाळी ‘उतारा’ म्हणून थोडी घेतली की हे थांबते, हा अनुभव पिणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आयुष्यात पूर्वी कधी आलेली नसली तरी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही थोड्या रुग्णांना भ्रमावस्था येते, जिला आम्ही डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतो. तीत ताप चढतो, रक्तदाब वाढतो, रुग्णाला वेळ-जागा कळत नाही आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास ही अवस्था जीवघेणी ठरते. गर्दच्या म्हणजे ब्राऊन शुगरच्या रुग्णाला येणारी ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, बघवत नाही इतकी क्लेशकारक असते, पण धडधाकट माणूस सहसा तिने मरत नाही. दारूच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र सोडण्याची प्रक्रियाच प्राणावर बेतू शकते. लोकांची समजूत नेमकी याच्या उलट असते, कारण गर्द बेकायदेशीर आहे आणि दारू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

एक प्रसंग सांगतो, कारण तो दर वर्षी थोड्याफार फरकाने पुन्हा घडताना मी पाहतो. साठीतले एक गृहस्थ न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया उत्तम झाली. दाखल करताना ‘काही व्यसन?’ या प्रश्नाला मुलाने आईकडे पाहिले आणि ‘नाही, तसे काही नाही, कधीमधी’ असे सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते चादरीवरून काहीतरी चिमटीने वेचू लागले. विचारले तर म्हणाले, ‘मुंग्या झाल्यात, दिसत नाहीत का तुम्हाला?’ संध्याकाळी ते परिचारिकेला कारखान्यातील फोरमन समजून पाळीची वेळ विचारत होते आणि रात्री सलाइनची नळी उपसून, ताज्या शिवलेल्या खुब्यावर उभे राहण्याचा प्रयत्न करत होते. नातेवाइकांना वाटले, भुलीच्या औषधाने डोक्यावर परिणाम झाला. मला बोलावले तेव्हा मी त्यांच्या पत्नीला बाजूला घेऊन फक्त एवढेच विचारले की शेवटची कधी घेतली होती. रविवारी, ती म्हणाली, पडले त्या संध्याकाळी. तो बुधवार होता. ‘कधीमधी’ या एका शब्दाने तीन दिवस वाया घालवले होते.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे रुग्ण आमच्याकडे वाढतात. गटारीला भरपूर झालेली असते आणि दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद. घरच्यांचा हेतू चांगला असतो, रुग्णाचाही असतो, आणि नेमक्या चांगल्या हेतूच्या दिवशीच फिट येते. मग ‘सोडली म्हणून आजारी पडलो, पीत होतो तेव्हा बरा होतो’ हा निष्कर्ष रुग्ण कायमचा मनाशी धरून बसतो आणि पुढची पाच-सात वर्षे त्याला तिथून हलवणे कठीण जाते.

अल्प्राझोलामची गोष्ट याहून वेगळी नाही, कारण तीही गॅबाच्याच ग्राहींवर, म्हणजे गॅबाचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील रेणूंवर, काम करते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन कुळातील औषधे. रस्त्यावर ‘बटन’ म्हणून विकल्या जातात त्या याच कुळातील गोळ्या. डॉक्टरने ठराविक दिवसांसाठी दिली तर ती उपयुक्त आहेत, आणि गंमत अशी की दारू सुरक्षितपणे सोडवतानाही आम्ही याच कुळातील औषधे वापरतो. घोटाळा होतो तो रोज, महिनोन्महिने आणि दारूसोबत घेतल्यावर. कायद्याने यांतील अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि नायट्राझेपामसारख्या गोळ्यांची विक्री चिठ्ठी पाहून आणि वेगळ्या वहीत नोंद करून व्हायला हवी. प्रत्यक्षात जुनी, मळलेली चिठ्ठी दाखवून किंवा ओळखीवर स्ट्रिप कशी मिळते हे पुणेकरांना मी सांगायला नको.

दारू आणि गोळी एकत्र आली की परिणामांची साधी बेरीज होत नाही. एकट्या गोळीने सहसा श्वास थांबत नाही, कारण तिच्या परिणामाला काहीशी मर्यादा असते. दारू सोबत असली की ती मर्यादा निघून जाते. गाढ झोपेत घसा सैल पडतो, घोरणे वाढते, श्वास उथळ आणि विरळ होतो, आणि उलटी झाली तर ती बाहेर टाकण्याची खोकल्याची क्रिया बोथट झालेली असल्याने अन्न श्वासनलिकेत जाते. त्यात आणखी काही औषधे नकळत मिसळतात : कोडिन असलेले खोकल्याचे औषध, अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल, सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, पायांच्या जळजळीसाठीचे प्रेगाबालिन. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी योग्यच लिहून दिलेले असते. दारूविषयी कोणीच विचारलेले नसते किंवा कोणी खरे सांगितलेले नसते.

म्हणून एक गोष्ट आजच ध्यानात ठेवा. पिऊन झोपलेला माणूस हाका मारून, खांदा जोरात हलवून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणू नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात लिंबू किंवा मिठाचे पाणी मुळीच घालू नये आणि १०८ वर फोन करावा. आपल्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे आणखी एक धोका आहे. यकृत दारू जाळण्यात गुंतले की ते नवी साखर तयार करू शकत नाही, आणि ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना न जेवता प्यायल्यास रात्री रक्तातील साखर धोकादायक इतकी खाली जाते. घामाघूम, असंबद्ध बोलणारा, तोंडाला दारूचा वास येणारा माणूस प्यायलेला वाटतो आणि प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला साखर मिळत नसते. घरात ग्लुकोमीटर असेल तर अशा वेळी आधी साखर तपासावी.

आता इतर अवयव. यकृतात अल्कोहोलपासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते, आणि खरे विष तेच आहे. नियमित भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ लिहून येते ते हे. दारू पूर्ण बंद केल्यास ही अवस्था काही आठवड्यांत मागे फिरू शकते, आणि म्हणूनच या टप्प्यावर आलेला रुग्ण पाहून मला बरे वाटते. पुढे काहींच्या यकृताला सूज येते, आणि दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास लोकांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कडक, गाठीगाठीचे होते. मग त्यातून रक्त वाहायला जागा राहत नाही, अन्ननलिकेतील शिरा फुगतात, पोटात पाणी होते आणि एखाद्या दिवशी रक्ताची उलटी होते. यकृतात दुखण्याच्या संवेदना फारशा नसल्याने तोवर रुग्णाला ‘काहीच त्रास नव्हता’. रक्ततपासणीत यकृताच्या एन्झाइमांपैकी एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असणे, जीजीटी हे तिसरे एन्झाइम वाढलेले असणे आणि तांबड्या पेशींचा आकार मोठा झालेला असणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की रुग्णाने काहीही सांगितले तरी मी दारूचा प्रश्न पुन्हा विचारतो.

स्वादुपिंडाला सूज आली तर पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येते, ती पाठीत जाते आणि रुग्ण पुढे वाकून बसतो. हृदयाचे स्नायू सैल पडू शकतात, ठोके अनियमित होऊ शकतात आणि रक्तदाब वाढतो. पायांच्या नसा झिजतात. चालताना चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही, अशी तक्रार मी मधुमेही मद्यपींकडून वारंवार ऐकतो आणि तिथे दोष साखरेचा किती व दारूचा किती हे वेगळे काढणे अवघड असते. कर्करोगाबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन हे अवयव त्यात येतात. सोबत तंबाखू किंवा गुटखा असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

बिअरचा प्रश्न लवकर संपवतो. ६५० मिलीलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. दीड बाटली म्हणजे एक क्वार्टर. क्वार्टर सोडून दोन बाटल्या स्ट्राँग बिअरवर आलेला माणूस दारू वाढवून बसलेला असतो आणि घरचे समाधानी असतात.

तर करायचे काय? श्रावणात सोडायची ही कल्पना मला मुळीच नापसंत नाही. तारीख ठरलेली असली, घर सोबत असले की रुग्णाला बळ येते. फक्त त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन जा, आणि तोवर दारू किंवा गोळी जबरदस्तीने एकदम तोडू नका. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. येरवड्याला १९८६ पासून चालू असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. आधी फोनवर बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे क्रमांक आहेत. आपल्या वडिलांचे वय, मधुमेह आणि सोबत गोळी पाहता दारू सोडण्याचे पहिले काही दिवस त्यांना दाखल करून काढावेत, असे माझे मत आहे. तिथे ठरावीक मात्रेत औषध देऊन ते काही दिवसांत उतरवत आणले जाते. यकृत बिघडलेले असेल तर औषध बदलते, म्हणून हे घरी कोणाच्या सांगण्यावरून करू नये. अल्प्राझोलाम मात्र इतक्या झटपट काढता येत नाही. तिची मात्रा आठवड्या-आठवड्याने, काही वेळा महिने लावून कमी करावी लागते, आणि त्या काळात झोप वाईट असते हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे.

दोन चुका मी वारंवार पाहतो. पहिली, अशक्तपणा वाटतो म्हणून जवळच्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजची बाटली लावून घेणे. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो. ते आधी न देता ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायमिन खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट न फिरणे, तोल जाणे, गोंधळणे ही तिची चिन्हे आहेत, आणि वेळ गेली तर नवीन काही लक्षातच राहत नाही अशी कायमची विस्मृती उरते. दुसरी चूक, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातीतील पूड डाळीत मिसळणे. अशा पुडीत काय आहे याची कोणालाच खात्री नसते. डायसल्फिराम असेल तर ते घेतलेल्या माणसाने दारू घेतल्यावर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब एकदम कोसळणे असा प्रकार होतो. हेच औषध आम्हीही वापरतो, पण रुग्णाच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून. डाळीतली पूड एकदा उघडकीला आली की वडील घरातले जेवण सोडतात, दारू सोडत नाहीत.

पहिल्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा, रिकाम्यासुद्धा. आणि एका कागदावर मागच्या सात दिवसांचे लिहून ठेवा : दिवसाचा पहिला पेग किती वाजता, किती माप, गोळी किती वाजता, सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरला का. मी प्रथम तो कागद वाचतो, मग रुग्णाला हात पुढे धरायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवतो. न चढणाऱ्या माणसांच्या हातावर तो बहुतेक वेळा हलतो.